खडू भरायचा की नाही? विदर्भातल्या शिलालेखांच्या छायाचित्रणाची पार्श्वभूमी

१८७० च्या दशकात इंग्रज सर्वेक्षक मार्कंडा-रामटेककडे फिरले, तेव्हा काचेच्या प्लेटांवर टिपली गेली ती मुख्यतः देवळं. लेखासाठी भरवसा ठशावरच. ओला कागद ब्रशने ठोकून अक्षरांत बसवायचा, वर शाई फिरवायची. काळ्यावर पांढरी अक्षरं उमटतात.

कॅमेरा हातोहाती आला तसा खडूही आला. झिजलेल्या अक्षरांत खडू किंवा पीठ भरलं की फोटो लख्ख येतो आणि पाण्याने धुतलंही जातं, असं भरणारे सांगत. रामटेकसारख्या वालुकाश्मावर मात्र भुकटी छिद्रांत जाऊन बसते, सगळी निघत नाही. पण खरा वाद वेगळाच. भरणारा आधी वाचतो, मग भरतो. त्यामुळे फोटोत दगडापेक्षा त्याचं वाचनच जास्त दिसतं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या देवटेकची शिळा आता नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे तिथल्या संग्रहालयात आहे. तिच्यावर एक लेख मौर्यकालीन ब्राह्मीतला, दुसरा वाकाटकांचा. अशा दगडावर एखादी पुसट रेघ अक्षराची की टवक्याची, हे खडूवाल्याने परस्पर ठरवून टाकलं, तर पुढच्याने काय तपासायचं? आमच्या मते खडूला माफी नव्हतीच. सकाळचं तिरपं ऊन फुकट होतं. लेखावर कवडसा पाडायला गावातला आरसाही पुरला असता.

२००१ मध्ये अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेने याच तिरप्या उजेडाचं गणित मांडलं. पुढे त्यातून रीत घडली ती अशी. कॅमेरा हलवायचा नाही. शेजारी काळा चकचकीत गोळा ठेवायचा आणि दिवा दोरीने मापलेल्या एकाच अंतरावरून चहूबाजूंनी फिरवत ४०-५० फोटो घ्यायचे. गोळ्यावरच्या चमकेवरून संगणक दिव्याची दिशा काढतो. मग वाचणारा पडद्यावर हवा तिकडून उजेड पाडतो. दगडाला हात लागत नाही. शेताच्या धुऱ्यावरच्या वीरगळासाठी, म्हणजे लढाईत पडलेल्याच्या स्मारकशिळेसाठी, हे बहुधा रात्रीच करावं लागतं, कारण दिवसा उन्हापुढे दिवा फिका पडतो, आणि शेंदराचे थर असले की तेही लंगडं पडतं.

तरी खडूचे जुने फोटो रद्दीत घालता येत नाहीत. जीर्णोद्धारात कुठे दगडावर ऑइल पेंट चढला, कुठे लेखाची बाजू सिमेंटात गेली. तिथे पुरावा तेवढाच उरतो. म्हणून आता नोंदीत तारीख, गाव आणि मोजपट्टीसोबत 'खडू भरलेला' की 'न भरलेला' हेही लिहावं, असा आग्रह धरला जातो. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंना यातलं काहीच नसतं.