मासिक पाळीविषयक दारिद्र्य : गोव्यातील ग्रामीण विद्यार्थिनी

मासिक पाळीच्या दिवसांत लागणारे शोषक साहित्य, पाणी, आडोसा, वापरलेले साहित्य टाकण्याची सोय आणि पाळीविषयीची माहिती यांपैकी काहीही पैशाअभावी किंवा संकोचापायी न मिळणे, अशी ‘मासिक पाळीविषयक दारिद्र्य’ या संज्ञेची स्थूल व्याख्या करता येईल. संज्ञा इंग्रजीतून आली. तिचा प्रसार २०१० नंतरच्या दशकात, बहुधा ब्रिटनमधील चर्चेतून झाला असावा. स्कॉटलंडने २०२० मध्ये पाळीचे साहित्य मोफत देण्याचा कायदा संमत केला, तोवर ती रूढ झाली होती. मराठीत पाळीसाठी ‘अडचण’, ‘बाहेरची होणे’, ‘कावळा शिवणे’ असे आडवळणाचे शब्द विपुल आहेत; या अभावाला मात्र वेगळे नाव नव्हते.

गोव्यासंबंधीचा मुख्य वाद मोजणीचा आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९–२१) १५ ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी देशात ७७.३ टक्के, ग्रामीण भागात ७२.३ टक्के स्त्रिया ‘आरोग्यदायी’ साधने वापरतात असे आढळले. गोव्याचे प्रमाण याहून बरेच वरचे असल्याने येथे प्रश्न उरलेला नाही, असा निष्कर्ष काढला जातो. तो घाईचा वाटतो. या गणनेत बाजारातील वा स्थानिक नॅपकिन, टॅम्पॉन आणि मासिक पाळीचा कप धरतात, कापड वगळतात. एकीला अनेक साधने सांगता येतात. म्हणजे शाळेत नॅपकिन आणि घरी कापड वापरणारी मुलगीही ‘आरोग्यदायी’ रकान्यातच जाते. नॅपकिन पुरवून पुरवून वापरणारी मुलगी त्यात वेगळी दिसत नाही. शिवाय दहा ते चौदा वर्षांच्या मुली, म्हणजे ज्यांना नुकतीच पाळी येऊ लागली आहे त्या, सर्वेक्षणाच्या वयोगटातच नाहीत.

कापड स्वतः अपायकारक नसते. ते साबणाने धुऊन उन्हात वाळवावे लागते. सत्तरी, धारबांदोडा, सांगे, काणकोण या डोंगराळ तालुक्यांत जून ते सप्टेंबर ऊन दुर्मिळ असते, आणि वाळपई तर गोव्यातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक. त्यात कापड कोणाच्या नजरेस पडू नये म्हणून ते दुसऱ्या कपड्याखाली लपवून घालतात आणि ते ओलसरच राहते. वयाचाही पेच आहे. गावातली सरकारी मराठी प्राथमिक शाळा चौथीला संपते. पाळी सुरू होण्याच्या सुमारासच मुलीला दूरच्या हायस्कुलात जावे लागते, आणि ‘कदंब’ या सरकारी बससेवेच्या वेळापत्रकामुळे ती दिवसाचा मोठा भाग घराबाहेर असते.

पाळीमुळे शाळा बुडते का, यावर मतभेद आहेत. एमिली ऑस्टर आणि रिबेका थॉर्नटन या अर्थशास्त्रज्ञांच्या नेपाळमधील अभ्यासात (२०११) पाळीमुळे होणारी गैरहजेरी वर्षाला अर्ध्या दिवसाहून कमी भरली, आणि कप दिल्याने हजेरी वाढली नाही. भारतातील अनेक अभ्यासांच्या २०१६ मधील एकत्रित आढाव्यात मात्र सुमारे एक चतुर्थांश मुली पाळीत शाळेत जात नाहीत, असे दिसले. हजेरीपुरता हा वाद खरा मानला तरी, दिवसभर डाग पडण्याच्या धास्तीने बाकावर बसून राहणे हजेरीपटात उमटत नाही, हे ध्यानात घेणे भाग आहे.

उपायांपैकी केंद्र सरकारच्या २०११ च्या योजनेत सहा नॅपकिनचे पाकीट सहा रुपयांना आशा सेविकांमार्फत पोचवायचे होते. देशभर पसरलेली आशा सेविकांची व्यवस्था गोव्यात लागू झाली नाही. त्यामुळे येथे भार परिचारिका, अंगणवाड्या आणि शाळांवर येतो. नॅपकिनवरील १२ टक्के वस्तू व सेवा कर जुलै २०१८ मध्ये रद्द झाला आणि ऑगस्ट २०१९ पासून जनऔषधी केंद्रांत नॅपकिन एक रुपयाला मिळू लागला. पण जनऔषधी केंद्र बाजारपेठेच्या गावी आणि मुलगी डोंगरातल्या वाड्यावर असली, तर बसभाडे नॅपकिनच्या किमतीहून जास्त होते.

स्थानिक प्रयत्नांत डिचोली तालुक्यातील मुळगावच्या स्वयंसाहाय्य गटाचा उल्लेख करावा लागतो. या स्त्रियांनी पाइन लाकडाच्या लगद्यापासून विघटनशील नॅपकिन घरगुती पातळीवर तयार केले आणि ‘सखी’ नावाने विकले. पाइन गोव्यात होत नाही. लगदा बाहेरून आणावा लागतो. तरीही हे काम मोलाचे आहे, कारण गावातल्याच बाईकडून नॅपकिन घेताना मुलीला दुकानदाराशी बोलावे लागत नाही.

विल्हेवाटीसाठी घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार वापरलेला नॅपकिन गुंडाळूनच द्यायचा होता आणि त्यासाठी पिशवी पुरवण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली होती. शाळेच्या शौचालयात झाकणाची बादली नसेल, तर नॅपकिन दप्तरातून घरी न्यावा लागतो किंवा वाटेतल्या ओहळात जातो.