युनिक्सवरची फॅक्सची रांग

युनिक्स मशीनवरून फॅक्स आपोआप पाठवायचे, तर पानं तयार करण्याचं काम आणि फोन लावण्याचं काम वेगवेगळं ठेवावं लागतं. गर्ट डोअरिंग यांच्या ‘एमगेटी+सेंडफॅक्स’ या फॅक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये ही विभागणी सरळ दिसते. ‘फॅक्सस्पूल’ ही आज्ञा नंबर आणि फाइल घेते, घोस्टस्क्रिप्ट या प्रोग्रामकडून जी-3 पद्धतीची, म्हणजे फॅक्स मशीनला समजणारी, पानं करून घेते आणि फॅक्सच्या स्पूल डिरेक्टरीत, म्हणजे पाठवायची कामं साठवायच्या जागेत, त्या कामाचं वेगळं फोल्डर बनवते. त्यात पानं असतात आणि ‘जॉब’ नावाची छोटी मजकूर फाइल: नंबर, पाठवणारा, निकाल कळवायचा ई-मेल. फोनच्या लाइनला जोडलेल्या मोडेमला अजून हातही लागलेला नसतो.

पुढचं काम ‘फॅक्सरनक्यू’चं. ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या क्रॉनमध्ये ‘*/10 * * * *’ अशी वेळ देऊन त्याची ओळ घातली की ते दर 10 मिनिटांनी रांग तपासतं आणि सेंडफॅक्सकडून फोन लावून घेतं. इथे हमखास होणारी चूक म्हणजे आज्ञेचा पूर्ण पाथ न देणं. टर्मिनलवर चालणारी आज्ञा क्रॉनमध्ये सापडत नाही, कारण क्रॉनचा पाथ, म्हणजे आज्ञा शोधायच्या जागांची यादी, अगदी तोकडा असतो. शिवाय ज्या युजरच्या नावाने क्रॉन चालतो, त्याला मोडेमच्या पोर्टची परवानगी हवी.

खरी अक्कल लागते ती फॅक्स न गेल्यावर. सेंडफॅक्स परत देतो तो आकडा 10 पेक्षा लहान असेल, तर कॉलचा खर्च झालेला नाही: 4 म्हणजे समोरचा नंबर बिझी, 5 म्हणजे डायल टोनच नाही. असा फॅक्स पुन्हा लावायला हरकत नाही. 10 किंवा त्याहून मोठा आकडा आला, तर फोन उचलला जाऊन बिल चढलं असण्याची शक्यता असते. उदाहरणार्थ, 12 म्हणजे पान जाताना गडबड. अशा अपयशांची मर्यादा संपली की रांग ते काम थांबवते. ही मर्यादा ढिली करू नये. चुकून कुणाच्या घरचा नंबर पडला असेल, तर त्या घरी रात्रभर घंटा वाजेल.

पाठवतानाच वीज गेली, तर फोल्डरमध्ये ‘जॉब.लॉक्ड’ मागे राहतं आणि ते काम कुणी उचलतच नाही. चालू प्रोग्राम दाखवणाऱ्या ‘पीएस’ आज्ञेने सेंडफॅक्स चालू नसल्याची खात्री करून ती फाइल काढून टाकावी.

मोडेम घेण्याआधी त्याला ‘एटी+एफक्लास=?’ विचारावं. उत्तरात मोडेमला येणारे फॅक्सचे क्लास कळतात; त्यात 2 किंवा 2.0 हवं. क्लास 1 मध्ये फॅक्सचा सगळा संवाद संगणकालाच सांभाळावा लागतो, त्यातली काही उत्तरं 75 मिलिसेकंदांच्या आसपास, वीसेक इकडेतिकडे, एवढ्यात द्यावी लागतात. इतर कामात गुंतलेल्या मशीनला ते नेहमी जमतंच असं नाही.

साध्या रिझोल्यूशनला ए-4 पानावर सुमारे 1145 ओळी, प्रत्येकीत 1728 ठिपके. कॉम्प्रेशनशिवाय, सेकंदाला 9600 बिट या वेगाने, त्याला साडेतीन मिनिटं लागली असती. फाइन रिझोल्यूशनला ओळी दुप्पट होतात, त्यामुळे बारीक अक्षर नसेल तर साधंच बरं. इंटरनेट फोनच्या लाइनवर 14400 चा वेग अनेकदा टिकत नाही. तिथे आधी 9600 वर उतरावं, आणि आवाजाचा डेटा आकुंचित करणारा कोडेक (आवाजाचं डिजिटल रूप करण्याची पद्धत) असेल तर तो बदलून घ्यावा, नाहीतर टी.38 ची, म्हणजे इंटरनेटवरून फॅक्स पाठवण्याच्या पद्धतीची, सोय मागावी.