पावडर तीच, मग कॉफी वेगळी का लागते?
बेळगावात कॉफी दोन तऱ्हेची. एक आपली, पातेल्यात पाणी, साखर, पावडर उकळून वर दूध आणि जायफळ, आणि दुसरी कन्नड शेजाऱ्यांकडची, स्टीलच्या दुमजली फिल्टरात डिकाशन उतरवून केलेली. पावडर दोन्हीकडं चिकमगळूर नायतर कोडगूचीच, तरी चव कुठल्या कुठं!

भाजलेल्या बीतला साधारण 30 टक्केच भाग पाण्यात विरघळू शकतो आणि बीच्या एकूण वजनाच्या 18 ते 22 टक्के भाग उतरला की कॉफी छान लागते. आंबट द्रव्यं आधी सुटतात, मग गोडसर, कडू-तुरट सगळ्यात शेवटी. पातेलं खळाखळा उकळत ठेवलं की हे शेवटचंपण सगळं निघतं, आणि घरभर जो घमघमाट सुटतो ना, तो कपात यायचा वासच उडून चाललेला असतो. म्हणून पाणी उकळलं की गॅस बंद करा, मग पावडर घाला आणि चार मिनिटं झाकून ठेवा, एवढ्यानं खूप फरक पडतो बघा.

आणि बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटरवर, त्यामुळं इथं पाणी 97-98 अंशालाच उकळतं. कॉफीला 90 ते 96 लागतं, म्हणजे उकळी आल्यावर फार वेळ थांबायची गरजच नाही.

फिल्टरात पाणी स्वतःच्या वजनानं हळूहळू खाली झिरपतं, पावडर जास्त आणि पाणी कमी म्हणून डिकाशन दाट येतं. त्यात चिकोरी असली तर आणखी काळं दिसतं, कारण ती कॉफीपेक्षा खूप जास्त विरघळते, पण ती एका झाडाचं भाजलेलं मूळ, त्यात कॅफीन अजिबात नसतं. काळी म्हणजे कडक असं समजू नका. घेताना पाकिटावर चिकोरीचा आकडा वाचाच.

मोका पॉट म्हणजे गॅसवर ठेवायचं दोन कप्प्यांचं कॉफीचं भांडं, 1933 चं, इटलीतलं. खालच्या पाण्याची वाफ दाब देऊन गरम पाणी पावडरीतून वर ढकलते, गुरगुर आवाज आला की लगेच उतरवायचं, नाहीतर कॉफी करपट लागते. फ्रेंच प्रेसला, म्हणजे कॉफी भिजली की दांड्यानं जाळी खाली दाबायच्या भांड्याला, भरड दळलेलीच हवी, आपली बारीक पावडर जाळीतून कपात येते.

घरात कुणाचं कोलेस्टेरॉल वाढलेलं असेल तर मात्र कागदी फिल्टर घ्या, जर्मनीत मेलिटा बेंट्झ बाईंनी 1908 साली काढला तो. कॉफीच्या तेलात कॅफेस्टॉल असतं, त्यानं वाईट कोलेस्टेरॉल वाढतं. कागद ते अडवतो, धातूच्या जाळीतून बरंचसं खाली येतं, आणि न गाळता नुसती उकळून प्यायलेल्या कॉफीत सगळ्यात जास्त.