जोड कशाला, कशाची? मराठवाड्यातील पूरक मिळकतीची पार्श्वभूमी

‘जोडधंदा’ या शब्दात मुख्य धंदा कोणता हे आधीच गृहीत धरलेले असते, आणि मराठवाड्यात तो मुख्य धंदा दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत शेती हाच होता. आज पगारदार माणूस नोकरीबाहेर आणखी काही उत्पन्न उभे करण्याचे मनात आणतो, तेव्हा तोही हाच शब्द वापरतो, कारण ‘वरकमाई’ म्हटले की आपल्याकडे टेबलाखालचा व्यवहारच आधी डोळ्यांपुढे येतो. शब्द तोच राहिला, पण जोड कशाला आणि कशाची द्यायची हे मधल्या काळात पार उलटले.

जुन्या जोडधंद्यांची अडचण अशी होती की मुख्य धंदा आणि त्याची जोड दोन्ही एकाच पावसावर अवलंबून असत. कोरडवाहू रानात ज्वारी पिकली तर कडबा, कडबा असेल तर दावणीला जनावर आणि जनावर असेल तर दूध; पाऊस हुकला की ही साखळी पहिल्याच कडीला तुटे. धाराशिव जिल्ह्यातील भूम परिसरात घरोघरचे दूध खव्याच्या भट्टीवर जाते, त्यामागेही साधा हिशेब आहे. दूध काही तासांत नासते, खवा त्यापेक्षा जास्त टिकतो आणि वजनाला हलका असल्याने लांबच्या बाजारापर्यंत पोहोचवता येतो. साधारण चार-पाच लिटर म्हशीच्या दुधाचा एक किलो खवा उतरतो, पण त्यासाठी कढईखालचा जाळ कमी-जास्त करत, तळाला लागू न देता, भट्टीपुढे उभे राहून दूध सतत हलवत राहावे लागते. या परिसराने दिलेली उस्मानाबादी शेळी मात्र दुष्काळालाही पुरून उरली. ती बाभळीच्या शेंगांवर आणि बांधावरच्या पाल्यावर भागवते, बऱ्याचदा जुळी करडे देते आणि अडीनडीला आठवडी बाजारात रोखीने विकली जाते. मोठ्या जनावरांना चारा छावणीत न्यावे लागते तेव्हाही शेळी अंगणातच असते.

1972 च्या दुष्काळाने ही सगळी घडी विस्कटली. रेशनवर मिळणारी लाल मिलो ज्वारी खाऊन, खडी फोडून आणि पाझर तलावाच्या कामावर पाट्या वाहून लोकांनी ते वर्ष काढले. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेला त्यानंतर 1977 च्या कायद्याने हक्काचे रूप मिळाले. या योजनेचा एक धागा अजूनही बहुतेक पगारपत्रकांत दिसतो. तिच्या खर्चासाठी राज्याने 1975 मध्ये व्यवसाय कर आणला, आणि म्हणूनच आजही नोकरदाराच्या पगारातून दरमहा 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300 रुपये, म्हणजे वर्षाला 2,500 रुपये कापले जातात. कपात पाहून नाक मुरडणाऱ्यांपैकी किती जणांना तिचे नाते आजोबांनी फोडलेल्या खडीशी आहे हे ठाऊक असेल, कोण जाणे.

या पार्श्वभूमीवर पाहिले तर मराठवाड्यातील पहिली खरी जोड-मिळकत म्हणजे नोकरीच होय, असे माझे मत आहे, कारण पावसाशी संबंध नसलेला घरातला पैसा तोच पहिला. निजामी राजवटीत सरकारी कारभाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू असल्याने मराठी शेतकऱ्याच्या मुलाला ही वाट अरुंदच होती. 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले, 1950 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय औरंगाबादेत सुरू झाले, 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि 1958 मध्ये विद्यापीठ निघाले. त्यातून शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी आणि कंडक्टर यांची पहिली पिढी घडली. एका भावाने नोकरी धरायची, दुसऱ्याने रान पाहायचे आणि पगारातून बी-बियाणे व बहिणीचे लग्न भागवायचे, ही घराघरातली वाटणी तेव्हाच ठरून गेली.

ज्यांना नोकरीची वाट सापडली नाही, त्यांनी कोयता धरला. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन नवरा-बायकोची जोडी, म्हणजेच ‘एक कोयता’, पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात ऊसतोडीला जाते आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परतते. घरच्या दोन-तीन एकर कोरडवाहूला जोड म्हणून निघालेला हा मार्ग बीड जिल्ह्यातील असंख्य कुटुंबांची मुख्य मिळकत होऊन बसला. उचल फिटली नाही तर पुढच्या हंगामालाही त्याच मुकादमाकडे जावे लागते. त्याला जोडधंदा म्हणणे हा शब्दाचाच अवमान आहे.

पगारदाराची गोष्ट वेगळी असली तरी नोकरीचा भरवसा त्याच्याकडूनही हळूहळू सुटत गेला. 2001 मध्ये नव्या शाळांना सरकारी अनुदान कधीच न देण्याचे ‘कायम विनाअनुदानित’ धोरण आले आणि बिनपगारी शिकवून, सुट्टीत दुसऱ्याच्या कामाला जाणारा शिक्षक गावोगावी दिसू लागला; 2009 मध्ये ‘कायम’ शब्द गळाला तरी अनुदान टप्प्याटप्प्याने आणि रखडतच आले. 1 नोव्हेंबर 2005 नंतर राज्याच्या सेवेत लागलेल्यांची जुनी निवृत्तिवेतन योजना गेली. दुसरे उत्पन्न हवे ही निकड इथून वाढली, पण महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 प्रमाणे सरकारी नोकराला परवानगीशिवाय खासगी व्यापार करता येत नाही. त्यावर लोकांनी शोधलेली पळवाट सर्वांना माहीत आहे: विम्याची एजन्सी पत्नीच्या नावावर, फॉर्म भरून घेणारे गुरुजी स्वतः. प्रत्यक्षात पत्नीच्या एजन्सीसाठी गिऱ्हाईक गोळा करणे हाही नियमभंगच आहे. त्यामानाने लातूरचा मार्ग सरळ म्हणायचा. परीक्षांची कसून तयारी करून घेणाऱ्या ‘लातूर पॅटर्न’मुळे बाहेरगावची मुले शिकायला येऊ लागली, तशी अनेक घरांवर मजला चढला, खोल्या भाड्याने गेल्या आणि घरातल्या बाईने डबे सुरू केले.

बायकांच्या हाती स्वतःच्या नावाने पैसा येण्याची सुरुवात बचत गटांनी केली. शेती व ग्रामीण विकासाची राष्ट्रीय बँक असलेल्या नाबार्डने 1992 मध्ये गटांना बँकेशी जोडण्याचा उपक्रम सुरू केला. पुढच्याच वर्षी, 30 सप्टेंबर 1993 ला, किल्लारीचा भूकंप झाला आणि पुनर्वसनाच्या कामातून लातूर-धाराशिव भागातील बायका प्रथमच बैठकीत पुढे बसू लागल्या. पापड-शेवयांपलीकडे फार थोडे गट गेले हे खरे असले, तरी सावकाराऐवजी गटाकडून कर्ज मिळू लागले, हा बदल लहान नव्हता.

अलीकडे पगार आणि शेत यांची पुन्हा गाठ पडली ती रेशीमशेतीत. नोकरीवाल्या भावाने शेडला पैसा घालायचा आणि गावाकडच्या भावाने रेशीम अळ्यांना पाला म्हणून तुती लावायची, अशा जोड्या जालना, बीड, परभणीकडे पाहायला मिळतात. चॉकीतून, म्हणजे लहान अळ्या वाढवणाऱ्या केंद्रातून, आणलेल्या अळ्या पुढे सुमारे तीन आठवड्यांत चंद्रिकेवर, म्हणजे कोष विणण्यासाठी ठेवलेल्या जाळीवर, कोष विणतात. शेवटच्या अवस्थेत त्या एवढा पाला फस्त करतात की शेडमध्ये पाऊस पडल्यासारखा आवाज येतो. कोष वेळेत विकले नाहीत तर पतंग ते फोडून बाहेर पडतो, म्हणून पूर्वी माल भरून कर्नाटकातील रामनगर गाठावे लागे. 2018 मध्ये जालन्यात कोष बाजारपेठ सुरू झाल्यावर ती फेरी वाचली. पाण्याचा प्रश्न मात्र आहे तिथेच आहे. विहिरीने तळ गाठला आणि पारा चाळिशीपलीकडे गेला की अळ्या तग धरत नाहीत, म्हणून एप्रिल-मेमध्ये शेड रिकामे ठेवण्याकडे कल असतो, आणि त्या दोन महिन्यांचा दोन्ही घरांचा खर्च भावाच्या पगारातूनच भागतो.