उपासना गायक (पुण्यातील मराठी ख्रिस्ती मंडळ्या)

ख्रिस्ती मंडळीच्या भक्तीत गाणे धरणारी आणि सगळ्यांना त्यात ओढून घेणारी व्यक्ती म्हणजे उपासना गायक. तरुण मंडळी त्याला 'वर्शिप लीडर' म्हणतात, तर ज्येष्ठांच्या तोंडी 'गाणं कोण धरणार?' एवढेच असते. पुणे शहरातील पेठा, कॅम्प, खडकी आणि पिंपरी-चिंचवड या भागांतील मराठी मंडळ्यांत हे काम बहुतेक जण नोकरी-धंदा सांभाळून, मोबदला न घेता करतात. मैफलीच्या गायकाहून त्याचे काम वेगळे आहे. मंडळी ऐकत बसली आणि गायली नाही, तर गळा कितीही तयार असला तरी सेवा पुरी झाली नाही, असे जुने गायक मानतात. त्यांचे मानणे योग्यच आहे.

या गायनाला आधार पवित्र शास्त्राचा. स्तोत्रसंहितेतील १५० स्तोत्रे मुळात गाण्यासाठीच आहेत. येशूचा प्रेषित पौल इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात (५:१९) अंतःकरणापासून प्रभूला गायनवादन करायला सांगतो, आणि फिलिप्पै येथील तुरुंगात मध्यरात्री पौल व त्याचा सोबती सीला गात होते, अशी नोंद प्रेषितांच्या कृत्यांत (१६:२५) आहे. त्यामुळे गाणे हीच प्रार्थना ठरते. उपदेश सुरू होईपर्यंतचा वेळ भरण्यासाठी ते नसते. वेदीपाशी अर्पण आणण्याआधी भावाशी समेट कर, ही मत्तयाच्या शुभवर्तमानातील (५:२३–२४) शिकवण गायकालाही लागू पडते. कुणाशी अबोला असेल तर तो मिटवावा आणि मगच पेटीला हात लावावा, असे वडीलधारे आजही सांगतात.

मराठी ख्रिस्ती गायनाचा पाया अहमदनगरात घातला गेला. कृष्णराव सांगळे यांनी पदे रचली, कीर्तने केली. त्यानंतर रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी या गायनाचे रूपच बदलले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत, आणि त्यांचे अभंग वाचताना ते पटते. 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात त्यांची शंभराहून अधिक गीते आहेत. देहू पुण्यापासून जवळ; वारीच्या वाटेवरच्या या शहरातील ख्रिस्ती घरांत अभंगाची चाल परकी वाटण्याचे कारणच नव्हते.

पुण्यात या परंपरेची ठिकाणे बरीच आहेत. सवाई माधवरावांनी १७९२ मध्ये दिलेल्या जागेवर नाना पेठेत कॅथलिक चर्च उभे राहिले. तेच आजचे सिटी चर्च. गुरुवार पेठेतील पंचहौद मिशन इतिहासात १८९० च्या चहाच्या ग्रामण्यासाठी (मिशनमध्ये चहा घेणाऱ्यांवरील बहिष्काराच्या वादासाठी) गाजले, पण तिथल्या पवित्र नाम देवालयातील उपासनेकडेही तितकेच लक्ष जायला हवे. इंग्रज मिशनरी जे. सी. विन्स्लो यांनी स्थापलेल्या ख्रिस्त सेवा संघाचा आश्रम १९२७ मध्ये शिवाजीनगरात आला. भारतीय वळणाच्या उपासनेचा विन्स्लो यांना ध्यास होता. टिळकांचे इंग्रजी चरित्रही त्यांनी १९२३ मध्ये लिहिले. जिल्ह्यात केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली मोठे आध्यात्मिक संजीवन झाले. कॅथलिक मिस्सेत, म्हणजे त्यांच्या मुख्य उपासनेत, मराठी गाण्यांना खरा वाव मिळाला तो लोकभाषेतील उपासनेला मोकळीक देणाऱ्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५).

गायकाची पहिली कसोटी पट्टी, म्हणजे गाण्याचा 'सा' पेटीच्या कोणत्या स्वरावर धरायचा ते, निवडताना लागते. पुरुषांना काळी एक सोयीची, बायकांना काळी चार. मंडळीत मात्र दोघे एकाच वेळी गातात, शिवाय पुढच्या बाकांवर मुले आणि मागे आजी-आजोबा. अंतरा तार षड्जाच्या (वरच्या 'सा'च्या) वर जात असेल तर पट्टी उतरवायची, आणि आपला आवाज त्या पट्टीत खुलत नसला तरी तिथेच गायचे. शनिवारच्या सरावात पेटीवाला एखादे कडवे दोन-तीन पट्ट्यांत वाजवून पाहतो. बायकांचा आवाज जिथे दबत नाही, ती पट्टी ठरते. मग तबलजीने ठेका किती भरायचा हे ठरते. केरव्याचा ठेका दाटला की शब्द बुडतात.

शब्दांचे वजन हा दुसरा प्रश्न. मिशनऱ्यांनी आणलेल्या इंग्रजी चालींवर बसवलेल्या भाषांतरित गीतांत 'करुणा'मधला ह्रस्व 'रु' लांब सुरावर पडतो आणि गाणे अवघडते. टिळकांच्या अभंगांत आणि पदांत ही ओढाताण नाही, म्हणून निरक्षर आजींनाही ती पाठ असत. तरी इंग्रजी चाली टाकाऊ नव्हेत. चार आवाजांत गाण्याची शिस्त मराठी कॉयरला त्यांनीच लावली, आणि नाताळात घरोघर फिरणाऱ्या कॅरलच्या चमूंत ती ऐकू येते.

झावळ्यांचा रविवार (पाम संडे), उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे), ईस्टर, लग्न, बारसे, घरगुती प्रार्थनासभा अशी गायकाची वर्षभराची हजेरी असते. सर्वांत कठीण सेवा अंत्यविधीची. तिथे बहुधा पेटी नसते, सूर द्यायला कुणी नसते, आणि घरचे लोक रडत असतात. पहिली ओळ गायकाने एकट्याने उचलायची. पुनरुत्थानाची आशा ही तो शिकवत असलेली गोष्ट नसून त्याची स्वतःची असावी लागते, नाहीतर दुसऱ्या ओळीला त्याचाच कंठ दाटून येतो. शोकात असलेल्यांना तिसऱ्या-चौथ्या कडव्यापर्यंत गाता यावे, यासाठी तो लय मुद्दाम संथ ठेवतो.

गेल्या काही दशकांत कीबोर्ड, गिटार आणि ड्रम आले, हिंदी आणि इंग्रजी कोरसही आले. एकच ओळ पुन्हा पुन्हा गाण्यावर काही ज्येष्ठ नाराज असतात; पण नामस्मरणाची सवय असलेल्या महाराष्ट्रात पुनरावृत्ती नवी नाही, आणि त्यातून अनेक तरुण भक्तीकडे वळले आहेत. खरी चिंता दुसरीच आहे. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलांना देवनागरी भरभर वाचता येत नाही, म्हणून पडद्यावर मराठी गीते रोमन लिपीत येतात, आणि लांब गीतांची मधली कडवी गाळली जातात. अर्थ मात्र बहुधा त्या कडव्यांतच उलगडत जातो. काही गायक यावर साधा उपाय करतात: महिनाभर एकच जुने गीत घेतात, दर रविवारी त्यातले एक कडवे समजावून सांगतात आणि शेवटच्या रविवारी ते पूर्ण गाऊन घेतात. शब्बाथ शाळेतील (संडे स्कूलमधील) मुलांना पेटीवर बसवून जुन्या चाली शिकवण्याचे कामही हेच गायक करतात.