भंडारा विकत घेण्याआधी एवढं वाचा

येळकोट येळकोट जय मल्हार!

हळद दळणं हा आमचा धंदा. सांगलीच्या पेठेतून हळकुंड घ्यायचं, निवडायचं, दळायचं, चाळायचं आणि दोन वाटांनी पाठवायचं. एक वाट स्वयंपाकघराची, दुसरी जत्रेची; तिथे हीच हळद देवावर उधळायचा भंडारा होते. पिशवीवरचं नाव बदलतं, आतला माल तोच. दुकानदार विचारतात, "भंडारा जरा स्वस्तातला नाही का? उधळायचाच तर आहे." त्यांना जे सांगतो तेच इथे सविस्तर लिहिलं आहे, कारण पिशवी शेवटी तुमच्या हातात येते.

उधळलेला भंडारा जातो कुठे, ते आधी बघा. सोमवती अमावास्येला जेजुरीत खंडोबा-म्हाळसेच्या उत्सवमूर्ती पालखीतून कऱ्हा नदीवर स्नानाला निघतात. पालखी गडाच्या महाद्वारातून बाहेर पडताना वरच्या सज्ज्यातून, कमानीवरून, पायऱ्यांच्या दोन्ही अंगांनी भंडारा इतका पडतो की समोरचा माणूस दिसेनासा होतो. तो कपाळावर बसतो, डोळ्यांत जातो, श्वासाबरोबर आत जातो. आई तान्ह्या लेकराच्या कपाळाला लावते. खोबऱ्याचा तुकडा जमिनीवरून उचलून तसाच तोंडात टाकतात, त्याला भंडारा लागलेलाच असतो. उरलेला अंघोळ करणाऱ्यांच्या अंगावरून नदीत उतरतो. म्हणून आमचं म्हणणं सरळ आहे: जी हळद आमटीत चालणार नाही, ती भंडाऱ्यातही चालू नये.

भंडारा कुठे कुठे लागतो

जेजुरीचं नाव सगळ्यांच्या तोंडी आहे, आणि तिथलं वर्षही भरगच्च असतं. दसऱ्याच्या रात्री गडाची आणि कडेपठाराची पालखी डोंगरातल्या रमण्यात भेटते. मग सुमारे ४२ किलो वजनाचा खंडा, म्हणजे देवाची तलवार, एका हातानं तोलून धरण्याची, दातांनी उचलण्याची चढाओढ लागते. मार्गशीर्षात प्रतिपदेपासून षष्ठीपर्यंत सहा दिवसांचं नवरात्र असतं. चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत आणि बाजरीचे रोडगे नैवेद्याला येतात. चातुर्मासात वांगं सोडलेल्या घरांत त्या दिवशी ते पुन्हा ताटात येतं. पौष पौर्णिमेला गाढवांचा बाजार भरतो. वैदू, कैकाडी, वडार, बेलदार मंडळी लांबलांबून जनावरं घेऊन येतात, व्यवहार करतात, सोयरिकी जुळवतात. माघी पौर्णिमेला संगमनेरच्या होलमांची आणि सुप्याच्या खैऱ्यांची शिखरकाठी देवळाच्या कळसाला टेकते. त्याच सुमारास कोकणातले कोळी बांधव आपापल्या पालख्या घेऊन गडावर दाखल होतात.

पण भंडारा जेजुरीपुरता नाही, आणि ऑर्डर देताना याचा विचार व्हावा असं आम्हाला मनापासून वाटतं. कराड तालुक्यात तारळी नदीकाठी पाल आहे. तिथे पौषात खंडोबा-म्हाळसेचं लग्न गोरज मुहूर्तावर लागतं आणि नदीचे दोन्ही काठ पिवळे होतात. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातलं माळेगाव मार्गशीर्षाच्या अखेरीला भरतं. तिथे देवाइतकाच घोड्यांचा आणि जनावरांचा बाजार मोठा. कोल्हापूर जिल्ह्यात पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत फरांडेबाबांची भाकणूक, म्हणजे वर्षाचं भाकीत, ऐकायला महाराष्ट्र आणि कर्नाटकातून धनगर समाज लोटतो. तिथे भंडाऱ्याबरोबर खारीक-खोबरं आणि लोकरही उधळतात. मंगळवेढ्याजवळ हुलजंतीला ऐन दिवाळीत महालिंगरायाच्या भेटीला इतर देवांच्या पालख्या येतात, तेव्हाही हेच पिवळं आभाळ.

सीमेपलीकडे हाच खंडोबा मैलार होतो, मल्लण्णा होतो. कर्नाटकात विजयनगर जिल्ह्यातल्या मैलारला माघी पौर्णिमेच्या यात्रेत गोरवय्या, म्हणजे देवाचा उपासक, उंच धनुष्यावर चढतो. खालची गर्दी क्षणभर चिडीचूप होते, तो एका वाक्यात वर्षाचं भाकीत सांगतो आणि शेतकरी त्यावरून पावसापाण्याचा अंदाज बांधतात. तेलंगणात कोमुरवेल्लीला मल्लण्णाच्या लग्नापासून उगादीपर्यंत, म्हणजे पाडव्यापर्यंत, दर रविवारी गर्दी असते. तिथे हळद नुसती उधळत नाहीत. इतर रंगांच्या भुकट्यांबरोबर ती जमिनीवर भरून मोठमोठी 'पट्नम', म्हणजे रांगोळीसारखी चित्रं, काढतात आणि ओग्गू कथेकरी रात्रभर देवाची गाथा गातात. भाषा बदलली, वाद्य बदललं, हळद मात्र बदलली नाही.

ज्योतिबाचं विचारणाऱ्यांसाठी: चैत्र यात्रेला कोल्हापूरजवळच्या वाडी रत्नागिरीवर गुलाल उधळतात, भंडारा नाही. गुलाल आम्ही करत नाही.

पिशवीत काय असायला हवं

आमच्या भागात हळद साधारण जानेवारी ते मार्च निघते. गड्डे आणि हळकुंडं वेगळी करून शिजवतात. पूर्वी काहिलीत शिजवायचे, आता बहुतेक ठिकाणी वाफेवर. काडी सहज आरपार गेली की शिजली. मग दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवून ड्रममध्ये पॉलिश करतात. साल आणि माती निघून आतला रंग उजळतो. पूर्वी हा माल कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ हरिपूरच्या पेवांमध्ये, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांमध्ये, साठवून ठेवत. २००५ च्या महापुरात त्यांतली बरीच पेवं गेली. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते या सगळ्या परंपरेच्या जोरावर.

पॉलिश करताना खाली जो कोंडा पडतो तो आम्ही भंडाऱ्यात घालत नाही. मैदा, मक्याची पिठी, शंखजिरं, खडूची भुकटीही नाही. आणि रंग तर नाहीच. मेटॅनिल येलो हा कापडाला चालणारा कृत्रिम रंग. खाण्याच्या पदार्थात त्याला आपल्या देशात परवानगी नाही. लेड क्रोमेटमध्ये शिसं असतं, ते लहान मुलांच्या मेंदूला घातक. असा माल विकणारे पिशवीवर बारीक अक्षरात 'फक्त पूजेसाठी, खाण्यास अयोग्य' असं छापतात. ती ओळ दिसली की पिशवी खाली ठेवा. जे तोंडात घालायला अयोग्य, ते शेकडो माणसांच्या तोंडावर कसं टाकायचं?

भावाचा हिशोबही करून बघा. हळकुंड ज्या भावानं मिळतं त्यावर दळणावळ आणि पिशवीचा खर्च चढतो. बाजारात हळकुंडापेक्षा भंडारा स्वस्त मिळत असेल, तर त्यात हळद कमी आणि दुसरंच काही जास्त आहे.

घरी कसं तपासाल

आमच्या मालावरही करा, दुसऱ्यांच्याही. उंच काचेच्या ग्लासात पाणी घ्या आणि वरून चमचाभर भंडारा सोडा. ढवळू नका. हळद हळूहळू खाली बसते आणि पाणी फिकट पिवळं राहतं. टाकल्या टाकल्या पाणी गडद पिवळं झालं, रंगाच्या रेघा खाली उतरताना दिसल्या, तर रंग घातलेला आहे.

दुसरी परीक्षा आम्हाला जास्त आवडते, कारण प्रत्येक घरातल्या बाईला ती हळदीच्या डागांमुळे माहीतच असते. पांढऱ्या सुती फडक्यावर भंडारा चोळा आणि ओल्या साबणानं घासा. हळदीचा डाग तांबडा-विटकरी होतो. हे झालं पण पुढे थांबू नका, कारण थोडी हळद आणि बाकी रंग असं मिश्रणही तांबडं होऊ शकतं. फडकं खळखळून धुऊन कडक उन्हात दोन दिवस टाका. हळदीचा डाग ऊन पितं, तो विरत जातो. पिवळा डाग तसाच ठळक राहिला, तर कृत्रिम रंगाची शंका घ्या.

खडूची शंका असेल तर लिंबू पिळा, बुडबुडे येतात. शंखजिरं बोटांत चोळल्यावर साबणासारखं गुळगुळीत लागतं. शिशाची खात्री मात्र फक्त प्रयोगशाळेत होते. देवस्थान, मंडळ किंवा गाव मिळून मोठी खरेदी करणार असाल तर नमुना तपासून घ्याच. आमचा घेतलात तरी तपासा.

उधळताना

मूठभर घ्या आणि वर उडवा, समोरच्याच्या चेहऱ्यावर मारू नका. पेटत्या दिवट्या, आरतीचं ताट, दीपमाळ यांच्या दिशेनं तर अजिबात नको. हळद कितीही शुद्ध असली तरी हवेतली बारीक कोरडी भुकटी ज्योतीवर पडली की भडका होतो. फटाके लावणाऱ्यांनी आणि भंडारा उधळणाऱ्यांनी एका जागी उभं राहू नये, हे कार्यकर्त्यांनी आधीच ठरवून घ्यावं.

खोबऱ्याची अख्खी वाटी फेकू नका, डोकं फुटतं. बारीक तुकडे करून आणा. डोळ्यांत भंडारा गेला तर चोळायचं नाही, स्वच्छ पाण्यानं धुवायचं. आग थांबली नाही तर डॉक्टरकडे जायचं. लेन्स लावणाऱ्यांनी त्या दिवशी चष्मा वापरावा. दम्याचा त्रास असेल त्यांनी ओला रुमाल नाकाला बांधावा आणि महाद्वाराच्या गर्दीत न जाता थोडं लांबून दर्शन घ्यावं, देव तिथूनही बघतो. गडाच्या दगडी पायऱ्यांवर भंडारा साचला की पाय सटकतो. उतरताना वडीलधाऱ्यांचा हात धरा.

घरी तळी भरायची असेल तर भंडारा थोडाच लागतो. ताम्हनात विड्याची पानं, सुपारी, खोबरं आणि भंडारा ठेवून पाच किंवा सात जणांनी 'सदानंदाचा येळकोट' म्हणत तळी उचलायची. उरलेला भंडारा देवघरात बंद डबीत ठेवा. उघडा राहिला की ओल धरतो, उजेडात ठेवला की रंग उतरतो.

ऑर्डर देण्याबद्दल

यात्रा तिथीनं येतात, इंग्रजी तारखेनं नाही. अधिक महिना आला की सगळं पुढे सरकतं आणि सोमवतीचा तर नेम नाही, कधी वर्षातून दोनदा येते, कधी तीनदा. म्हणून पंचांग बघूनच दिवस कळवा. चंपाषष्ठीचा माल हवा असेल तर दिवाळीच्या आत सांगा, पाल आणि माळेगावचा दिवाळी झाल्यावर लगेच. आम्ही एकदम दळून साठा करत नाही, ऑर्डर येईल तसं दळतो. मैलार आणि कोमुरवेल्लीला जाणाऱ्या मंडळींनी प्रवासासाठी कापडी पिशवीच्या आत प्लास्टिकचं अस्तर मागून घ्यावं, त्याचे वेगळे पैसे नाहीत. पिशवीवर दळल्याची तारीख आणि हळकुंडाचा हंगाम छापलेला असतो. तो नसेल तर ती पिशवी आमची नाही.