राउटरची वही आणि शाळेतला ताळा

परवा एका मित्राने त्याच्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनचा फोटो पाठवला. इंटरनेट अडखळतंय, जरा बघ म्हणून. फोटोत सगळं दिसत होतं, फक्त आयपी पत्त्यावर त्याने काळी पट्टी ओढली होती. "कुणाच्या हाती लागायला नको." पट्टीच्या कडेतून १९२.१६८ एवढं डोकावत होतंच. मला हसू आलं. तसाच पत्ता माझ्याही घरात आहे, तुमच्याही घरात बहुधा असेल. तो लपवणं म्हणजे 'मी आतल्या खोलीत बसतो' हे गुपित जपण्यासारखं आहे.

आयपी पत्ता म्हणजे नेटवर्कवर यंत्र ओळखायचा आकडा. नेहमीचा, जुन्या पद्धतीचा पत्ता ३२ बिटांचा (बिट म्हणजे एक ० किंवा १) असतो. १९८१ साली पक्क्या झालेल्या या मापात ४२९ कोटी ४९ लाखांहून थोडे जास्त पत्ते बसतात, आणि ते पुरणार नाहीत हे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच दिसू लागलं. मे १९९४ मध्ये एगेवांग आणि फ्रान्सिस या दोघांनी एक युक्ती मांडली : कायमचा उपाय तयार होईपर्यंत आतले पत्ते पुन्हा पुन्हा वापरायचे आणि दारावर, म्हणजे आतलं नेटवर्क इंटरनेटला जोडणाऱ्या राउटरवर, ते बदलायचे. तिचं नाव नेटवर्क अ‍ॅड्रेस ट्रान्सलेशन, थोडक्यात नॅट. फेब्रुवारी १९९६ मध्ये खासगी वापरासाठी तीन गट कायम झाले : १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ मधले आणि १९२.१६८ ने सुरू होणारे. हे पत्ते कितीही घरांत वापरा, कुणाला विचारायला नको. मात्र उघड्या इंटरनेटवर ते चालत नाहीत.

मग घरातल्या चार कॉम्प्युटरांना एकाच कनेक्शनवर उत्तरं मिळतात कशी?

समजा राउटरला बाहेरून २०३.०.११३.७ हा पत्ता मिळाला. (काळजी नको, हा आकडा उदाहरणांसाठीच राखून ठेवलेला आहे.) आत १९२.१६८.१.५ आणि १९२.१६८.१.८ असे दोन कॉम्प्युटर आहेत आणि दोघांनी एकाच वेळी एकच वेबसाइट उघडली. इंटरनेटवर माहिती छोट्या तुकड्यांत जाते, त्यांना पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेटवर पाठवणाऱ्याच्या पत्त्याबरोबर पोर्ट नावाचा एक १६ बिटांचा आकडाही असतो. हे संभाषण कितवं, याची ती खूण. योगायोगाने दोघांनीही ५१००० हाच पोर्ट निवडला. राउटर पहिल्याच्या पॅकेटवरचा पत्ता पुसून स्वतःचा घालतो, पोर्ट तसाच ठेवतो. दुसऱ्याच्या पॅकेटवर पत्ता स्वतःचा आणि पोर्ट ५१००१. दोन्ही बदल तो आपल्या वहीत, म्हणजे मेमरीतल्या तक्त्यात, टिपतो. पलीकडच्या सर्व्हरला वाटतं, एकच गडी दोन संभाषणं करतोय. उत्तर ५१००१ वर आलं की राउटर वही पाहतो, १९२.१६८.१.८ चा पत्ता आणि ५१००० हा पोर्ट पुन्हा चिकटवतो आणि पॅकेट आत सोडतो. त्या कॉम्प्युटरला यातलं काहीच कळत नाही.

इथपर्यंत बहुतेक जण सांगतात. मला आवडतो तो पुढचा भाग. पॅकेटमध्ये वाटेत काही बिघडलं का, हे तपासायला त्यात एक चेकसम असते, आणि तिच्या हिशोबात पत्ता आणि पोर्टही धरलेले असतात. राउटरने ते बदलले की चेकसम चुकणार आणि पलीकडचा कॉम्प्युटर पॅकेट फेकून देणार. म्हणजे ती नव्याने काढायला हवी. पण पॅकेट १५०० बाइटचं असू शकतं. प्रत्येकासाठी सगळी बेरीज पुन्हा मांडायची?

शाळेत गुणाकार बरोबर आला का हे बघायला आपण नऊचा ताळा काढायचो, तो आठवा. २, ८, ४, ५ यांची बेरीज १९. १ आणि ९ मिळून १०. म्हणून ताळा १. आता ४ च्या जागी ६ आला तर सगळं पुन्हा मिळवायचं कारण नाही. फरक २ चा, म्हणून ताळा ३. पडताळा घ्या : २, ८, ६, ५ मिळून २१, म्हणजे ३. पॅकेटची चेकसम हा असाच ताळा आहे. त्यात अंकांच्या जागी १६ बिटांचे तुकडे मिळवतात आणि बाहेर आलेला हातचा पुन्हा खालच्या टोकाला जोडतात. दहापेक्षा एक कमी म्हणून आपला ताळा नऊचा. इथे ६५,५३६ पेक्षा एक कमी, म्हणून ६५,५३५ चा. (शेवटी सगळे बिट उलटे करून लिहितात, पण त्याने तत्त्व बदलत नाही.) जुना पत्ता वजा, नवा पत्ता अधिक, पोर्टचंही तसंच, की झाली नवी चेकसम. आतला मजकूर राउटरला वाचावाही लागत नाही. एवढासा डबा सेकंदाला हजारो पॅकेटं हाताळतो, त्यात या जुन्या अंकगणिताचा वाटा आहे.

वहीला पानं मोजकीच, म्हणून गप्प पडलेल्या नोंदी राउटर खोडतो. चालू टीसीपी संभाषणाची (आधी जोडणी करून, पोच घेत चालणाऱ्या) नोंद किमान २ तास ४ मिनिटं ठेवावी, यूडीपीची (जोडणी न करता नुसती पॅकेटं पाठवण्याच्या पद्धतीची) किमान २ मिनिटं, असे संकेत आहेत. सगळे राउटर ते पाळतातच असं नाही. मधेच एखादा कॉल मुका होतो किंवा गेम तुटतो, त्यामागे कधी कधी हे असतं. 'बंद करून चालू करा' हा मंत्र लागू पडतो तोही अनेकदा वही कोरी होते म्हणून.

ज्या पॅकेटची नोंद वहीत नाही, ते दारातच टाकलं जातं. त्यावरून नॅट म्हणजे संरक्षण, असा समज पसरला आहे. पण घरातल्या एखाद्या कॉम्प्युटरने आपणहून घातक फाइल मागवली तर तिची नोंद वहीत रीतसर होते आणि ती रीतसर आत येते.

वेगाचंही सांगून टाकतो : चार कॉम्प्युटर जोडले म्हणून प्रत्येकाला पाव वेग, असं नसतं. जो नुसता चालू आहे तो जवळजवळ काहीच खात नाही. खरा त्रास होतो कुणी मोठी फाइल वर चढवायला घेतली की. राउटरच्या दारात पॅकेटांची रांग लागते आणि इतरांच्या बारक्या विनंत्याही तिच्यात ताटकळतात. 'इंटरनेट बूस्टर' अ‍ॅप ही रांग हलवू शकत नाही, कारण ती तुमच्या फोनमध्ये नसतेच. आणि राउटरवर लावायचे 'रेडिएशनरोधक' स्टिकर? त्यांनी खरोखर लहरी अडवल्या असत्या तर वाय-फायच बंद पडलं असतं.

तात्पुरती युक्ती मात्र टिकली. आयपी पत्त्यांच्या नव्या, १२८ बिटांच्या पद्धतीत, म्हणजे आयपीव्ही६ मध्ये, प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता मिळतो, तिथे या वहीची गरजच उरत नाही. पण जुने पत्ते अजून चलनात आहेत आणि त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्येच संपला. म्हणून कनेक्शन देणाऱ्या कंपन्याही आता अनेक ग्राहकांना मिळून एकच पत्ता देतात. त्यासाठी एप्रिल २०१२ मध्ये १००.६४ ते १००.१२७ हा वेगळा गट राखला गेला. मित्राला राउटरच्या सेटिंगमध्ये बाहेरचा पत्ता बघायला सांगितला. १००.८१ ने सुरू होणारा निघाला. म्हणजे त्याचा राउटरही आणखी कुणाच्या तरी वहीतली एक ओळ आहे. त्याने पुढचा फोटो पाठवला तेव्हा त्या पत्त्यावरही काळी पट्टी होती.